तिसरी हाक

बा, तू मेला आहेस असं आता ठरलं आहे. या भाद्रपदात बारा वर्षं पुरी झाली. काका म्हणाले, बारा वर्षं ज्या माणसाचा पत्ता नाही त्याचं करून टाकायचं असतं. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहा दिवस पाळायचे आणि घर मोकळं करायचं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वळवली नाही, भाकरी उलटली आणि म्हणाली, "करा. पर आधी ह्याला वर जाऊ द्या. कड्यावर उभं ऱ्हाऊन तीन हाका मारू द्या. ओ न्हाई आली तर मी माझ्या हातानं कुंकू पुसते." बारा वर्षं आईनं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही तरी लावलं, आणि आता ते राहायचं की पुसायचं हे माझ्या घशावर येऊन पडलं. तिला दुसरं कुणी सापडलं नाही असं नाही. तिला मीच पाहिजे होतो, कारण तुझी शेवटची हाक ऐकलेला माणूस मीच आहे.

तुला माझं काहीच ठाऊक नाही. तू गेल्यावर मी तुझी दगड घडवायची टाकी हातात धरली नाही. सातवीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो आणि मग घरातून जो निघालो तो अजून कुठं टिकलेलो नाही. मनमाडच्या रस्त्यावर ट्रकवर क्लीनर होतो. पुणतांब्याला स्टेशनाजवळ चहाच्या दुकानात होतो. शिंगणापूरला तेलाच्या बाटल्या विकत होतो, तिथं घरांना दारं नाहीत हे तुला माहीत असेल, मला रात्रभर झोप यायची नाही, चोराची भीती म्हणून नव्हे, दार नसलं की माणूस सारखं ऐकत बसतं. आणि मागच्या साली दुष्काळात खडी फोडली. सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली आणि खडी फोडली. तू दगडाला धार द्यायचास, मी त्याचा चुरा केला. मुकादम म्हणायचा, तुझा हात पाथरवटाचा दिसतो. मी म्हणायचो, नाही, आमचं काही तसलं नव्हतं. हे बघ, भलतीकडंच चाललो. मला कड्याचं सांगायचं होतं.

पोळा झाला की आपण वर जायचो. कोल्हारहून अकोल्याला, तिथून राजूरला, आणि राजूरच्या पुढं पायी. डोंगरातली नागली कापायला यायच्या आत बायकांना गुळगुळीत झालेली जाती टाकवून पुन्हा खरबरीत करून हवी असायची, म्हणून तुला तो महिना सोडून चालायचं नाही. खाली आपल्याकडं तेव्हा ऊन रखरखायला लागलेलं असायचं आणि वर सगळं ओलं. सोनकीनं पिवळ्या झालेल्या उतरणी, कारवीच्या भिंतींची घरं, कौलांतून निघणारा धूर आणि भातखाचरात उभं असलेलं ढगाचं पाणी. पाचनईत शिरल्यावर तू एकच आरोळी द्यायचास, "जातं टाकवायचं का, जातं." डोंगर ती आरोळी घेऊन जायचा आणि पलीकडच्या कपारीतून परत आणून द्यायचा. बायका आतून हसायच्या. "आला गं टाकीवाला, दोघं आल्याती, एक हितं अन् एक डोंगरात."

आपण उतरायचो त्या म्हातारीकडं. गावाच्या वरच्या अंगाला शेवटचं घर, त्यापुढं वाघोबाचा दगड आणि त्यापुढं गडाची वाट. पहिल्या साली तिनंच आपल्याला नेम सांगितला. म्हणाली, "धुईत कुनी नावानं हाक मारली तर वळू नगा. दुसरी मारली तरी वळू नगा. कडा दोन हाका मारतो. तिसरी त्याला जमत न्हाई. तिसरी आली की समजायचं आपलं मानूस हाय, मंग ओ द्यायची." तू तेव्हा हसलास. पण तिच्या घरातल्या कुणीही धुक्यात पहिल्या हाकेला ओ दिलेली आपण कधी ऐकली नाही. तिचा लेक माझ्याच वयाचा, तो परसात असायचा आणि ती दारातून तीन तीनदा बोंबलायची, तेव्हा कुठं तो "आलो" म्हणायचा. दोनचार वर्षांत तूही तसाच झालास. धुकं पडलं की मला सांगायचास, "तिसरीला ओ द्यायची. इसरू नगं."

तुला ती गडावरची लेणी आठवते का, कंबरभर गार पाण्यात पिंड आहे ती. पिंडीभोवती चार खांब होते, तीन तुटलेत, एकावर छत उभं आहे. लोक म्हणतात, एकेका युगाला एकेक खांब गेला, हा चौथा गेला की संपलं सगळं. मी पाण्याच्या काठावर कुडकुडत उभा आणि तू धोतर खोचून सरळ पाण्यात शिरलास. खांबाला हातोडीच्या दांड्यानं टकटक केलंस आणि कान लावलास. किती वेळ. पाणी हलायचं थांबलं तरी तुझा कान तिथंच. मला वाटलं तू आता बाहेर येतच नाहीस. मग वळून म्हणालास, "ठणठणीत हाय. अजून लई दिस जातील." जगाचा निकाल तू असा एका टकटकीत लावलास. तुला दगडाचं ऐकू यायचं. जात्याला टाकी लावण्याआधी तू ते वाजवून बघायचास आणि कुठं ठिसूळ आहे, कुठं आत बारीक चीर आहे, ते बोट ठेवून दाखवायचास. मी कान लावला की मला माझ्याच कानातली गुणगुण ऐकू यायची.

आता त्या दिवसाचं. मी सोळा वर्षांचा. तू म्हातारीचं जातं मला दिलंस, म्हणालास, "आज तू लाव. आधी वाजवून घे." हे तू बोललास हे मला पक्कं आठवतं. अंगणात म्हातारीचा लेक मधाचं पोळं घेऊन आला होता, सगळी पोरं त्याच्याभोवती, आणि माझं अर्धं ध्यान तिकडं. मी वाजवलं नाही. वरच्या दगडावर टाकी ठेवली आणि हातोडी घातली, एक, दोन, आणि तिसऱ्या घावाला दगड असा आवाज करून गेला की पोळ्याभोवतीची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मधल्या भोकापासून काठापर्यंत चीर. ते जातं म्हातारीच्या सासूचं. त्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्यावर निघालेली. म्हातारीनं पदरानं दगडावरचं पीठ पुसलं आणि चिरेवर हळू बोट फिरवलं. तू मला मारलंस, सगळ्यांच्या देखत, एकदाच. मार काही मोठा नव्हता. पण मग तू म्हणालास, "तुला ऐकू येत न्हाई. दगडाचं बी न्हाई अन् मानसाचं बी न्हाई. तुज्या कानात काय घातलंय देवानं?" पोरं हसली. म्हातारीचा लेक हसला नाही, त्यानं मला मधाचा तुकडा पुढं केला आणि मी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी कुणाला न सांगता गडावर गेलो. देऊळ ओलांडलं, पाण्याची टाकी ओलांडली, आणि थेट कोकणकड्यावर. तू मला तिथं एकदा नेलं होतंस. तेव्हा तू मूठभर गवत उपटून कड्याखाली टाकलंस आणि खालून वारा असा आला की ते सगळं गवत वर येऊन आपल्या डोक्यावर पडलं. तू म्हणालास, "बघ, हा कडा कायबी ठिवून घेत न्हाई." त्या सकाळी खाली कोकणाचं काहीच दिसत नव्हतं. कड्याच्या ओठापर्यंत पांढरं धुकं भरलेलं, दूध उतू जायच्या आधी थांबतं तसं. मागून सूर्य वर आला आणि समोरच्या धुक्यात एक गोल उमटला. इंद्रधनुष्य, पण पुरं गोल, बांगडीसारखं. आणि मधोमध एक माणूस उभा. लांब, काळा, चेहरा नसलेला. मी हात उचलला, त्यानं उचलला. मी माझीच सावली बघत होतो हे मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही भीती गेली नाही, कारण ती सावली माझ्यापेक्षा जरा उशिरा हलते आहे असं मला वाटत होतं.

तेव्हा तू हाक मारलीस. माझं घरातलं नाव घेऊन. मागं धुकं चढत होतं, देवळाच्या अंगाला काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं दुसरी आली. ती जवळून आली, माझ्या उजव्या अंगाला, कड्याच्या बाजूनं. मग तिसरी आली नाही. धुकं निवळल्यावर मी खाली आलो तेव्हा म्हातारी वाघोबापाशी उभी होती, तिनं विचारलं, "बा कुटं हाय? तुला बघाया गेलाय नव्हं."

चार दिवस गाव शोधत होतं. तुझा रुमाल कड्याच्या ओठाशी कारवीला अडकलेला सापडला. माणसं खाली कोकणातून फिरून आली, काही नाही. आईला काय सांगायचं ते म्हातारीनंच ठरवलं आणि तिनंच कोल्हारला येऊन सांगितलं: पोरानं दोन हाका ऐकल्या, तिसऱ्या हाकेची वाट बघितली, पोराचा दोष नाही, नेम पाळला. आईनं मला जवळ घेतलं. काकांनी घेतलं. सगळं गाव म्हणालं, गुणाचं पोर, बापाचं ऐकून राहिलं. तुझं गाठोडं सोडलं तेव्हा त्यात एक लहान हातोडी निघाली, नव्या दांड्याची. दांडा बाभळीचा होता, तासून गुळगुळीत केलेला, आणि तुझ्या मुठीत तो बसला नसता. माझ्या मुठीत बसत होता. तो तू कधी केलास, मारण्याआधी की मारल्यानंतर, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारतो आहे. दांडा अजून घामानं काळा पडलेला नाही.

तर या भाद्रपदात गेलो. यंदा पाऊस चांगला झाला, वर गेलो तर मागच्या साली इथं दुष्काळ होता यावर विश्वास बसला नसता. म्हातारी आहे. दिसत नाही तिला आता. मी दारात उभा राहिलो, तिनं नाक वर करून विचारलं, "कोन? बिडीवाला कोन आला?"

मी सांगितलं.

"व्हय का. ये. इतक्या वर्सानं पाय फुटलं तुला?"

तिचा लेक आता बाप झालाय, दोन पोरं आणि टक्कल. म्हणाला, "आई, ह्याला जात्यापाशी बसवू नको, त्याचं त्येच्याशी वैर हाय." मी हसलो. बरं वाटलं. बारा वर्षांत त्या जात्याची कुणी माझ्यासमोर थट्टा केली नव्हती. मग म्हातारी दळायला बसली, दिसत नसताना, आणि मी ऐकलं. चिरलेला दगड तिनं टाकला नव्हता, लोखंडाची पट्टी ठोकून घेतली होती. एका फेऱ्यात तो दोनदा वाजायचा. टक, टक, आणि मग घरघर. टक, टक, घरघर. मी मोजत बसलो, तिसरा कधीच येईना.

"असंच वाजतंय का हे?" मी विचारलं.

"तवापास्नं," ती म्हणाली. "पैल्यांदा झोप यायची न्हाई मला. आता सवय झाली. सूनबाई म्हनती, टाकून द्या, राजूरला गिरनी झालीया. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. बोलतंय तवर ऱ्हाऊ दे." मग दळायचं थांबवून म्हणाली, "आयनं धाडलं नव्हं तुला? हाका माराया?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. बारा वर्सं झाली. मी असते तर मीबी धाडलं असतं." मग पीठ हातानं गोळा करत म्हणाली, "मार. पर तीन मार. दोन मारून येऊ नगंस, न्हाईतर तुज्यात अन् कड्यात फरक काय?"

सकाळी मी आणि म्हातारीचा लेक वर गेलो. तो पाण्याच्या टाक्याशी बसला, म्हणाला, "मी हितं बिडी वडतो. तुमचं बापलेकाचं हाय, मी कशाला." जाताना लेणीत डोकावलो. चौथा खांब उभा आहे. पाण्यात उतरलो, तू केलेली ती लहान हातोडी पिशवीत होती, दांड्यानं वाजवून कान लावला. बा, मला काही ऐकू आलं नाही. ठणठणीत आहे की नाही मला सांगता येणार नाही. पाणी कंबरेला लागत होतं, आणि मागं कुणीतरी काठावर कुडकुडत उभं आहे असं सारखं वाटत होतं, मी वळून बघितलं नाही.

कड्यावर तसंच धुकं. तसाच गोल आला, त्यात तसाच माणूस. आता मी तुझ्या वयाकडं झुकलोय, खांदे तुझ्यासारखे झालेत असं आई म्हणते, तर त्या गोलात कोण उभं आहे हे मला बघवेना. मी डोळे मिटले आणि हाक मारली. "बा." कड्यानं ती घेतली, पोटात फिरवली आणि परत दिली, माझ्या आवाजात नव्हे, जाड, जरा म्हाताऱ्या आवाजात. मी थांबलो. दुसरी मारली. "बा." ती परत यायच्या आधी उजव्या अंगाला, कड्याच्या बाजूनं, कुणीतरी माझं घरातलं नाव घेतलं. शांतपणे, घाई नाही. मग पुन्हा एकदा. अगदी तेवढंच अंतर ठेवून.

मी ओ दिली. लगेच. पहिलीलाच द्यायला पाहिजे होती, पण दुसरीला तरी दिली. "ओ बा, हितं हाय मी." ते मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की टाक्यापासून तो धावत आला. म्हणाला, "काय झालं? कोन हाय?" मी विचारलं, तू हाक मारलीस का. तो म्हणाला, "तुजं घरातलं नाव मला म्हाईत बी न्हाई, लेका." खरं असावं. तिथं त्या घरी सगळी मला "टाकीवाल्याचं पोर" म्हणायची.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो, नाहीतर पुन्हा कुठंतरी भलतीकडं जाईन. बारा वर्षांपूर्वी मी नेम पाळला नव्हता. धुक्याची भीती, कड्याची भीती, तसलं काही त्या वेळी माझ्या मनात आलं नाही. पहिल्याच हाकेला मी तुझा आवाज ओळखला. शंका नव्हती. तू नाव घेताना शेवटी जरा ओढायचास, कडा ते ओढत नाही. मी ओळखला आणि सावलीकडं बघत राहिलो आणि मनात म्हटलं, ऐकू येत नाही ना मला, मग नाही ऐकू येत. दुसरी आली तेव्हा ती चुकीच्या बाजूनं येते आहे, तिकडं वाट नाही, हेही मला कळलं. तेव्हा नुसतं "ओ" म्हटलं असतं तर तू आवाजाच्या रोखानं वळला असतास. म्हातारीनं नेमाची गोष्ट माझ्या पुढं केली आणि मी ती घातली, दुसऱ्याचा सदरा घालावा तशी. मला ती आजवर कुणी काढायला लावली नाही.

घरी आलो. आई दारात होती. तिनं विचारलं, "मारल्या?" मी म्हणालो, "मारल्या." "तिन्ही?" "तिन्ही." "ओ आली?" मी मान हलवली, नाही. ती आत गेली, तांब्याभर पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि आरशाशिवाय, सवयीच्या हातानं, कुंकू पुसलं. कपाळावर तेवढी जागा पांढरट निघाली. दोन दिवसांनी काकांनी पुतळा केला, मी अग्नी दिला, दर्भ लवकर जळतो. काल दहावा झाला. आई आता बरी जेवते. रात्री दाराला कडी लावते, बारा वर्षं लावत नव्हती.

हे पत्र कुठं टाकणार. हातोडीबरोबर गुंडाळून ठेवीन, परवा मला निघायचंय, नाशिककडं धरणावर माणसं घेतायत म्हणतात. एवढंच सांगायचं राहिलं की आईला मी खोटं बोललो. कड्यावर मी दोनच हाका मारल्या. तिसरी घशापर्यंत आली होती, तोंड उघडलं होतं. तू नाहीस याची भीती वाटली नाही. तू तिथं असशील, माझा आवाज पहिल्याच हाकेला ओळखशील आणि गप्प बसशील, याची वाटली.